अण्णांचा ठावठिकाणा

शहरातल्या कुठल्याही गाडीचा पत्ता लावून देणं हा आमच्या अण्णांचा धंदा होता. पण स्वतः अण्णा कुठे आहेत, हे त्यांनी कधीही, कुणालाही, काही झालं तरी सांगितलं नाही. फोन लावला की पलीकडून एकच उत्तर यायचं, "इल्ले इद्दीनि, बंदे." म्हणजे, इथंच आहे, आलोच. हे 'इथंच' यशवंतपूरच्या बाजारापासून जयनगरच्या टोकापर्यंत कुठेही असू शकायचं, आणि 'आलोच'चा अर्थ सूर्य मावळायच्या आत एवढाच घ्यायचा असे. मोबाइल नुकतेच आले होते, येणाऱ्या फोनलाही पैसे पडत, तरी अण्णा एवढं बोलून वर "जेवलास काय रे?" असं विचारायचे. पत्ता तेवढा द्यायचे नाहीत.

मी पुण्याहून बंगळूरला त्यांच्याकडे नोकरीला आलो तेव्हा नव्वदचं दशक निम्म्याहून जास्त सरलं होतं. मल्लेश्वरमला अण्णांच्या राहत्या घराच्या गच्चीवर एक खोली होती, तीच आमची कंपनी. अण्णांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे येऊन स्थायिक झालेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी, आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी. मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. पहिल्या दिवशी 'पुणेकर' म्हणाले आणि तेच कायम झालं. "पुणेकर, तू स्वल्प जास्त बोलतोस," हे त्यांचं माझ्याबद्दलचं पहिलं मत, आणि ते बरोबरच होतं.

आमचं काम असं होतं. गाडीच्या टपावर इडलीएवढी एक पांढरी चकती बसवायची. ती उपग्रहांकडून गाडीची जागा समजून घ्यायची आणि गाडीतला वायरलेस संच ती जागा आमच्या गच्चीवरच्या खांबाकडे पाठवायचा. मग कॉम्प्युटरवरच्या नकाशात एक लाल ठिपका सरकायचा. त्या काळी ही जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे व्हायची, त्यामुळे आमची गाडी बऱ्याचदा सँकी तळ्याच्या मधोमध दिसे. गिऱ्हाईक घाबरलं की अण्णा शांतपणे म्हणायचे, "येईल की बाहेर. स्वल्प थांबा." आणि गाडी खरोखरच तळ्यातून कोरडी ठणठणीत बाहेर यायची.

वायरलेसचा खांब आणि अक्कांची कपडे वाळत घालायची दोरी शेजारी शेजारी होत्या. अक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणे, म्हणून मीही म्हणायचो. ओल्या नऊवार साडीनं सिग्नल अडतो, असं मी एकदा त्यांना सांगायला गेलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग खांब हलव." खांब हलवला. घरात शेवटचा शब्द कुणाचा, हे मला त्या दिवशी कळलं.

अण्णांचं दुसरं वेड म्हणजे गुप्तता. "हवेत बोललेलं हवेचं होतं," हे त्यांचं लाडकं वाक्य. आपलं बोलणं कोणीतरी ऐकतंय, अशी त्यांची पक्की खात्री होती. मोबाइलवर बोलताना ते तोंडावर रुमाल धरायचे आणि दारामागे जाऊन कुजबुजायचे. हे सगळं खरं तर अक्का उद्या भाजी काय आणायची ते विचारत असताना. मी विचारलं, "पण अण्णा, आपलं कोण ऐकणार? आपल्याला अजून कोणी स्पर्धकसुद्धा नाही." त्यावर त्यांनी माझी कीव करत म्हटलं, "ऐकणारा सांगून ऐकतो काय रे?"

पुढे ज्या गाड्यांवर चकत्या बसल्या, त्यांच्या ड्रायव्हरांनाही त्यांनी हीच शिकवण दिली. वायरलेसवर जागेचं नाव घ्यायचं नाही. जागा सांगायचं काम यंत्राचं, माणसानं फक्त 'सरी', म्हणजे बरं, म्हणायचं. एवढ्यावर न थांबता ते परीक्षाही घ्यायचे. मधूनच मायक्रोफोन उचलून आवाज बदलून विचारायचे, "काय रे, कुठं आहेस?" जो भोळेपणानं सांगून टाकेल त्याला तासभर उपदेश, जो सांगणार नाही त्याला संध्याकाळी वडा-सांबार. थोड्याच दिवसांत सगळे ड्रायव्हर तयार झाले. वड्याची ताकद मोठी असते.

आणि या गुप्ततेमागचं सगळ्यात मोठं गुपित होतं लोणी घातलेला मसाला डोसा. डॉक्टरांनी अण्णांना लोणी बंद केलं होतं आणि अक्कांनी डोसाच बंद केला होता. कॉफीवरही नियम होता, दिवसाला एक. अण्णांनी त्यावर 'बायटू'चा तोडगा काढला. बंगळुरात एक कॉफी दोघांत वाटून घेतात, तीच बायटू. अण्णा दिवसभर वेगवेगळ्या माणसांबरोबर अर्धी अर्धी कॉफी प्यायचे आणि संध्याकाळी अक्कांना छातीवर हात ठेवून सांगायचे, "आज पूर्ण कॉफी एकसुद्धा घेतली नाही." ते बहुतेक वेळा कुठल्या तरी उडप्याकडे उभे असायचे आणि त्यांना तिथे कोणी शोधायला नको होतं. गाड्या शोधून देणाऱ्या कंपनीचा मालक एवढ्या कारणासाठी आयुष्यभर लपंडाव खेळत होता.

कंपनी मात्र काही चालत नव्हती. लोक यायचे, ठिपका बघायचे, कॉफी प्यायचे आणि "सांगतो" म्हणून जायचे. शेवटी यशवंतपूरच्या एका उदबत्तीवाल्याला आमचं यंत्र आवडलं. सगळे त्यांना गौडरू म्हणत. माणूस भारदस्त, आणि अंगाला चंदनाचा असा वास की ते जिन्यात असतानाच वर कळायचं. त्यांनी सहा गाड्यांवर चकत्या बसवून घेतल्या, ड्रायव्हर अण्णांच्या शिकवणीला दिले आणि सांगितलं, "विजयादशमीला येतो. बसून बघतो. पटलं तर सगळ्या गाड्यांना लावू." अक्कांनी त्याच रात्री जेवताना अण्णांना बजावलं होतं की हे काम नाही मिळालं तर कंपनी बंद. मग राजाजीनगरात अक्कांच्या भावाच्या कापडदुकानात बसायचं, गल्ल्याशेजारी, दिवसभर, सगळ्यांना दिसेल असं. अण्णांनी मान डोलावली, पण पुढचे काही दिवस त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. ज्या माणसाला कुणाला सापडायचं नाही, त्याच्यासाठी याहून मोठी शिक्षा नसावी.

आदल्या दिवशी आयुधपूजा होती. बंगळुरात त्या दिवशी लेथ मशीनपासून खलबत्त्यापर्यंत सगळ्याची पूजा होते, गाड्यांची तर होतेच. अण्णांनी आमच्या कॉम्प्युटरला विभूतीचे तीन पट्टे ओढले, त्यात पडद्यावरचं अर्धं कब्बन पार्क झाकलं गेलं. मग मला नकाशावर नावं टाकायला बसवून ते गौडरूंच्या कारखान्यात गाड्यांच्या पूजेला गेले. तिथे केळीचे खांब बांधले, शेवंतीचे हार घातले, कोहळा फोडला. संध्याकाळी उशिरा परतले. अक्कांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "देवळात वेळ झाला."

विजयादशमीला गौडरू नवं धोतर नेसून आले आणि कॉम्प्युटरसमोर बसले. सहाही गाड्या शहरभर फिरायला निघाल्या होत्या. मी पडदा सुरू केला. सहाच्या सहा ठिपके यशवंतपूरच्या कारखान्यात ठाण मांडून बसलेले. आम्ही थांबलो. ठिपके हलेनात. तेवढ्यात खाली गल्लीतून जोरात हॉर्न वाजला. खिडकीतून पाहिलं तर गौडरूंचीच एक गाडी केळीचे खांब डोलवत चालली होती. गौडरूंनी एकदा खिडकीकडे, एकदा पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही माझीच ना?"

मी टपाकडे नीट पाहिलं. चकती दिसतच नव्हती. तिच्या जागी चंदेरी बेगडाचा एक चकचकीत मुकुट होता आणि त्यावर हातभर जाडीचा ओला हार. मी अण्णांना कोपऱ्यात नेऊन विचारलं. ते म्हणाले, "नवीन आयुध आहे रे. त्याला आधी सजवायला नको काय? सहाच्या सहा मी माझ्या हातानं गुंडाळलीत." बेगड धातूचा, उपग्रहाला खालचं काहीच दिसत नाही, असं मी सांगितल्यावर ते म्हणाले, "अय्यो. देवानं बघितलं पण उपग्रहानं नाही."

पण डगमगतील तर अण्णा कसले! त्यांनी मायक्रोफोन उचलला. "तीन नंबर, कुठं आहेस?"

"इल्ले इद्दीनि, अण्णा," तीन नंबरचा नंजप्पा म्हणाला.

"इल्ले म्हणजे कुठं? जागेचं नाव सांग."

"हवेत सांगायचं नाही म्हणून तुम्हीच सांगितलंय." त्याच्या आवाजात वडा ऐकू येत होता.

"आज सांग. परीक्षा नाही आज."

"प्रत्येक वेळी असंच म्हणता, अण्णा."

बाकीचे पाचही तसेच. अण्णा जितके काकुळतीला येत, तितके ते आणखी पक्के होत. शेवटी गौडरूंनी मायक्रोफोन हिसकावला आणि गरजले, "मी मालक बोलतोय!" पलीकडून नंजप्पाचा कडक आवाज आला, "मालकांचा आवाज काढतोस? कोण रे तू? मघाशी अण्णांचा आवाजही तूच काढलास काय? लाज नाही वाटत सणाच्या दिवशी?"

गौडरूंनी मायक्रोफोन अलगद खाली ठेवला. आयुष्यात त्यांना कोणी असं बोललं नसावं. एवढ्यात अक्का कॉफीचं ताट घेऊन वर आल्या आणि दारात थबकल्या. अण्णांनी पुन्हा मायक्रोफोन घेतला. "नंजप्पा, मी खरंच अण्णा आहे रे. काय केलं तर पटेल तुला?"

नंजप्पानं विचार केला. "खरे अण्णा असाल तर सांगा, काल पूजेनंतर आपण दोघं कुठं गेलो होतो?"

अण्णांनी अक्कांकडे पाहिलं, गौडरूंकडे पाहिलं, आणि मग पडद्यावरच्या त्या सहा आळशी ठिपक्यांकडे. एका बाजूला कापडदुकान, दुसऱ्या बाजूला हे. मला वाटलं, हा माणूस दुकान पत्करेल पण बोलणार नाही. त्यांनी डोळे मिटले आणि उघड, मोकळ्या हवेत, मल्लेश्वरमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "राजाजीनगर. चौकातल्या उडप्याकडे. लोण्याचा मसाला दोसा."

"किती?" नंजप्पानं विचारलं.

"दोन," अण्णा म्हणाले. "आणि कॉफी. पूर्ण."

वायरलेसवर एकच जल्लोष झाला. "अण्णाच आहेत! अण्णाच! हवेत जागा सांगितली, म्हणजे आज परीक्षा नाही!" आणि मग सहाही जण एकदम आपापल्या जागा ओरडून सांगायला लागले. एक यशवंतपूर स्टेशनाबाहेर, एक राजाजीनगरात सासूच्या दारात, एक आमच्याच गल्लीच्या तोंडाशी शहाळं पीत. गौडरू पोट धरून हसत होते, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. डोळे पुसत म्हणाले, "माझी माणसं मलासुद्धा पत्ता देत नाहीत. मग चोराला काय देणार? लावा सगळ्या गाड्यांना. फक्त हार बॉनेटवर घाला."

अक्कांनी सगळ्यांना कॉफी दिली. अण्णांचा पेला मात्र ताटातून उचलला आणि मला दिला. "तुमची कालच झाली," एवढंच म्हणाल्या. अण्णा गुन्हेगारासारखे खाली मान घालून बसले होते, पण मिशीच्या आड हसू मावत नव्हतं.

कंपनी वाचली आणि बरी चालली. मी काही वर्षांनी पुण्याला परतलो. फोन चालू होते, आणि 'इल्ले इद्दीनि'ही चालू होतं. मग एकदा सकाळी अण्णांचाच फोन आला. मी सवयीनं चेष्टेत विचारलं, "कुठं आहात, अण्णा?" ते म्हणाले, "घरी. गच्चीवर, आपल्या जुन्या ऑफिसच्या खोलीत. खिडकीजवळ खाट आहे, तिच्यावर." मी हसायला गेलो आणि हसता आलं नाही. अण्णांनी पत्ता सांगितला होता. मी त्याच दिवशी गाडी पकडली.

ते खूप वाळले होते. मला बघून म्हणाले, "चुकून तोंडातून निघून गेलं रे. सुम्ने, उगाच धावत आलास." अक्कांनी न मागता दोघांत एक कॉफी आणली आणि दोन पेल्यांत ओतून दिली. आम्ही अर्धी अर्धी प्यायलो, नंजप्पाची आठवण काढून पुष्कळ हसलो. हसताना त्यांना दम लागत होता, तरी ते थांबायला तयार नव्हते. निघताना मला त्यांचे पाय सोडवेनात. या माणसावर माझं किती प्रेम होतं, हे मला तिथे वाकलेलो असताना कळलं.

परतीच्या गाडीत बसलो. तुमकूर मागे पडलं तेव्हा मोबाइल वाजला. "पुणेकर, कुठं पोचलास?" आवाज अगदी बारीक झाला होता. खिडकीबाहेर नारळाची झाडं मागे पळत होती, बंगळूर चांगलंच लांब गेलं होतं.

मी म्हणालो, "इल्ले इद्दीनि, अण्णा."

ते हसले. "सरी," म्हणाले, "आता शिकलास. ठेव फोन, हवेत जास्त बोलू नको."

मी फोन ठेवला. त्यानंतर त्यांचा आवाज मी पुन्हा ऐकला नाही.