त्यांनी नद्या विचारल्यात का?

आमच्या घरात गुन्हेगार एकच आहे, आणि इथे आखातात, दार्सैतला राहून त्याने केलेला गुन्हा निव्वळ चिपळूणच्या संस्कारांमुळे घडला.

झालं असं, की इंटरनेट कंपनीचं पत्र आलं. तुमच्या कनेक्शनवरून एक मराठी सिनेमा विनापरवाना उतरवून इतरांना वाटला जातोय. ताबडतोब थांबवा आणि सात दिवसांत लेखी कळवा. मी एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर. 'विनापरवाना' वाचताच मला रद्द झालेला व्हिसा, गेलेली नोकरी आणि विमानतळावर बॅगा घेऊन उभे असलेले आम्ही तिघं दिसायला लागलो.

सिनेमा मीच उतरवला होता. आणि वाटणाराही मीच. मुलगी ईशा लॅपटॉपमध्ये डोकावून म्हणाली, "बाबा, तुमचं सीडिंग तेवीस दिवस ऑन आहे. म्हणजे सगळे लोक आपल्याकडून घेतात."

ते मला ठाऊक होतं. मुद्दामच चालू ठेवलं होतं! शेजारचं भांडं रिकामं परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, ही आईची शिकवण. लोकांकडून अख्खा सिनेमा घ्यायचा आणि लगेच दार लावून घ्यायचं, हे माझ्या मनाला पटेना.

मग मी उत्तर लिहायला बसलो. घाबरलेला माणूस खरं बोलतो म्हणतात. मी गरजेपेक्षा फारच खरं बोललो. या सिनेमाबरोबर आधीचे अकरा सिनेमे कबूल केले, ईशाच्या पुस्तकाची झेरॉक्स कबूल केली, आणि (विषय कॉपीचाच निघाला म्हणून) दहावीच्या भूगोलात पुढच्या बाकावरच्या बाळ्याच्या पेपरातून उतरवलेल्या नद्याही लिहून टाकल्या. दोन पानं भरली.

माझी बायको सुनंदा लग्नाआधी वकिलाकडे टायपिस्ट होती. तिने दोन्ही पानं शांतपणे वाचली.

"अहो, त्यांनी नद्या विचारल्यात का?"

पत्र खरं की कुणाची लबाडी, हे तिने आधी तपासलं. तेही पत्रातल्या नव्हे, बिलावरच्या नंबरला फोन करून. (मला हे सात जन्मांत सुचलं नसतं.) खरं निघालं. मग ईशाकडून सीडिंग बंद करवलं, सिनेमा पुसायला लावला, इंटरनेटचा पासवर्ड बदलला आणि तीन ओळी लिहिल्या: पत्र मिळालं, प्रकार थांबवला आहे, पुन्हा होणार नाही.

"आणि माझी माफी?" मी विचारलं.

"खोटं बोलायचं नाही, आणि विचारलंय त्यापुढे बोलायचं नाही. खलास."

चार दिवसांनी कंपनीने प्रकरण बंद केल्याचं कळवलं. मी ते सुनंदाला वाचून दाखवलं. माझी नोकरी या बाईने तीन ओळींत वाचवली होती, आणि ती तोवर कुकर लावायला गेलीसुद्धा होती. इतका अभिमान मला स्वतःच्या पहिल्या पगाराचाही वाटला नव्हता.

तर कंपनीने मला सोडलं. सुनंदाने नाही. नवा पासवर्ड ईशाला मिळाला; मला मात्र कारणासहित लेखी अर्ज करायला सांगितलं. तो केलाय. गेले चार महिने विचाराधीन आहे.