प्रभावतीचा रविवार

भोकरदनची दैवशाला साळवे जालन्याच्या प्रभावतीसाठी रोज प्रार्थना करायची. प्रभावतीचं भलं व्हावं अशीच ती प्रार्थना असे. फक्त किती भलं, याची मर्यादा ती देवाला सुचवायची.

दोघी आपापल्या मुलींना शाळेत न घालता घरीच शिकवत. अशी ख्रिस्ती कुटुंबं जिल्ह्यात पाच होती आणि पाचांचीही पद्धत जुन्या वळणाची: आधी भरपूर पाठांतर, मग तर्क, मग मुद्देसूद बोलणं; जोडीला लॅटिन, स्तोत्रं आणि वळणदार अक्षर. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सगळे जालन्याला चर्चमागच्या हॉलमध्ये जमत. मुलं उभी राहून म्हणून दाखवत आणि आया एकमेकींना उत्तेजन देत. उत्तेजन म्हणजे दुसरीच्या मुलीला "किती छान म्हटलं गं" म्हणायचं आणि त्याच वेळी आपल्या मुलीकडे बघायचं.

प्रभावतीची शालू बारा वर्षांची. ती स्तोत्र म्हणायची ते शेजारणीशी बोलावं तसं, मध्येच हसत. दैवशालाची मोनाली अकरा वर्षांची. तिचं एक अक्षर चुकत नसे, पण ऐकणाऱ्याला वाटे की गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगून राह्यली. दैवशालाला हा फरक कळायचा. कारण कळत नव्हतं.

कारण शोधायला तिने प्रभावतीचं घर लांबून तपासायला घेतलं. पाची कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोमवार ते शनिवार प्रभावतीचे फोटो येत: पाट, वही, तांब्या, कधी वहीवर झोपलेलं मांजर. रविवारी मात्र तिचा फोन बंद. सकाळी बंद, दुपारी बंद, रात्रीही बंद. दैवशालाने तीन महिने यावर विचार केला आणि निष्कर्ष काढला: ही बाई रविवारी दार लावून शिकवते. विसावा पाळायचा म्हणून सगळ्यांना सांगते आणि स्वतः एक दिवस पुढे जाते.

मग मागे राहायचं कशाला? दैवशालानेही रविवारी, उपासनेहून आल्यावर, वरणभात झाकून ठेवून लॅटिन सुरू केलं. खिडकी लावून, कारण समोर पाळकांची बहीण राहायची. त्या महिन्यात मोनालीला दहा आज्ञा पाठ करायच्या होत्या. चौथी, विसाव्याच्या दिवसाची, तिने रविवारी दुपारीच पाठ केली. तीनदा म्हणून दाखवली. आईने घड्याळ लावलं होतं.

मे महिन्यात मोनाली वडिलांच्या दुकानात गेली. शमुवेल विहिरींतल्या जळालेल्या पाणबुडी मोटारी नव्या तारेने भरून द्यायचा. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता त्याने विचारलं, "काय गं?"

"पप्पा, मला शाळेत घाला."

"का? मम्मी रागावली?"

"न्हाई. शाळेत रविवार असतो."

शमुवेलने घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. वर म्हणाला, "मोटार सलग चालवली की जळते, हे मी शेतकऱ्यांला रोज सांगतो. तेबी ऐकत न्हाईत. जूनमधी फॉर्म आणतो. भरायचा का न्हाई, ते पोरगी ठरवंल."

चार वर्षं पहाटे उठून केलेलं सगळं एका फॉर्मवर आलं. दैवशाला रात्रभर जागी राहिली. सकाळी तिला सुचलं ते हे, की प्रभावतीला रंगेहाथ पकडायचं. एकदा मोनालीने डोळ्यांनी पाहिलं की शालूलाही रविवार नसतो, की पोरीची तक्रारच संपेल.

त्या रविवारी उपासना होताच ती मोनालीला घेऊन जालन्याच्या बसमध्ये बसली. निमित्त म्हणून पिशवीत प्रभावतीचं लॅटिन व्याकरण होतं, परत द्यायला. वेळ वाया जाऊ नये म्हणून राजूरपर्यंत उजळणी चालली. "मेन्सा, मेन्साए, मेन्साए, मेन्साम..."

कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. "ताई, पोरगी कोन्ते मंतर म्हणून राह्यली?"

"टेबल. लॅटिनमधी," मोनाली म्हणाली.

"कशासाठी?"

मोनालीने आईकडे बघितलं. आईने खिडकीबाहेर बघितलं.

तीन वाजता त्या प्रभावतीच्या दारात पोचल्या. दार नुसतं लोटलेलं. आत कूलर चालू. फरशीवर पालथी पडून शालू तिखटमीठ लावलेली कैरी खात होती. समोर वही नाही, पाटी नाही.

"मावशी, बसा ना. मम्मी झोपली."

"बरं न्हाई का त्यांना?"

"बरंय की. रविवार हाय ना. आज अभ्यास न्हाई, भांडे बी न्हाई."

भांडी खरंच तशीच होती, मोरीत ढीग. क्षणभर दैवशालाला मनापासून आनंद झाला. मग तिने आतल्या खोलीत बघितलं. प्रभावती चटईवर उताणी पडली होती, तोंड उघडं, एक हात पोटावर, आणि घोरत होती. भरदुपारी, घासायची भांडी असताना, निर्धास्त. शालूच्या पाठांतराचा, मांजराचा, तांब्याचा हेवा दैवशालाने आजवर केला होता. त्या घोरण्याचा जेवढा वाटला तेवढा कशाचाच वाटला नव्हता.

प्रभावती चारला उठली. "अगं बाई! दैवशालाताई, कवा आलात?"

"पुस्तक द्यायला आल्ते."

"पंचावन्न किलोमीटर? शनिवारी दिलं असतं की हॉलमधी."

"तुम्ही रविवारी खरंच शिकवत न्हाई?"

"न्हाई."

"मंग राहिलेलं कवा करता?"

"राहतं ते," प्रभावती केस बांधत म्हणाली. "पहिल्या वर्षी मी बी रविवार सोडला न्हाई. पोरगी पाठ सोडून दुसरं काही बोलंना. मंग पाळकबाई म्हणल्या, देवानं सहा दिवसांत जग करून सातव्या दिवशी हात थांबवले. तुमचं लॅटिन त्याच्याहून मोठं काम हाय का?"

दैवशालाने पिशवीतून व्याकरण काढून तिच्यापुढे ठेवलं. बाहेरून हसण्याचा आवाज आला. मोनालीचा होता, ओळखायला जरा वेळ लागला. ती शालूशेजारी पालथी पडली होती आणि तिच्या हनुवटीला तिखट लागलं होतं.

निघताना तिने विचारलं, "मम्मी, दर रविवारी आपण हितंच येत जाऊ?"

हे मात्र दैवशालाच्या जिव्हारी लागलं. पोरगी शाळेने नेली असती तर निदान शाळेला नावं ठेवता आली असती. प्रभावतीने तर झोपेत नेली होती.

पुढच्या रविवारी तिने भांडी मोरीत टाकली, खिडकी उघडली, कूलर लावला आणि जमिनीवर आडवी झाली. डोळे गच्च मिटून, परीक्षेला बसावं तशी. झोप आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही ती तशीच पडली होती तेव्हा शमुवेल फॉर्म घेऊन आला.

"मोने, भरू का?" त्याने हळूच विचारलं.

मोनाली दारात बसून पायाच्या अंगठ्याने मातीत काहीतरी काढत होती.

"आणखी दोन रविवार बघू," ती म्हणाली. "मंग सांगते."

दैवशालाने डोळे मिटलेलेच ठेवले. प्रभावती असती तर हे ऐकायला जागी राहिलीच नसती, असं तिच्या मनात आलं, आणि पुन्हा हेवा वाटला. पण कूलरच्या आवाजात तो फार वेळ धरून ठेवता येईना. पापण्या जड होत होत्या.