सिस्टर पडल्या नव्हत्या

सायकलच्या टायरवर अंगठा दाबायचा आणि नजर मात्र मनगटावरच्या घड्याळाकडे ठेवायची, ही सिस्टरांची पद्धत. टायरमधली हवा आणि घड्याळाचा काटा यांचा संबंध काय, असे मी एकदा विचारले. "सवय आहे, साहेब," त्या म्हणाल्या, "हाताखाली काही आलं की डोळे आपोआप घड्याळावर जातात." मग अंगठा उचलून निदान व्हायचे. "जिवंत आहे. बघू."

त्यांची सारी नोकरी पालिकेच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून गेली. माझी गेली न्यायालयात, साक्षीदारांचे जबाब टंकलिखित करण्यात. आमचे दरवाजे समोरासमोर होते. त्यामुळे त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार मला आहे, आणि ज्यांना तो नाही ते सध्या फार बोलत आहेत.

सिस्टर करंजाड्याला राहायला गेल्या तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणाला त्यांची आठवण झाली नाही. त्या वारल्याची बातमी येताच मात्र हात जोडलेल्या चित्रांचा पूर आला, आणि त्यामागून आठवणींचा. सिस्टर म्हणे सगळ्यांच्या सायकली विनामूल्य दुरुस्त करीत. पती गेल्यावर एकाकीपण घालवण्यासाठी त्यांनी म्हणे हा छंद जोपासला. आणि त्या प्रसिद्ध रविवारी त्या सायकलवरून पडल्या तेव्हा सेक्रेटरींनी म्हणे धावत जाऊन त्यांना उचलले. यातले शेवटचे स्वतः सेक्रेटरींनीच लिहिले आहे, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल.

खोटे सांगणारा साक्षीदार तपशील फार गोड देतो, हे मी ऐकून ऐकून शिकलो आहे. म्हणून थोडे कडू लिहितो.

एकाकीपणाचे आधी मिटवू. त्या घरात मुलगा होता, सून होती, सकाळपासून चालणारा टीव्ही होता. एकाकीपणाला तिथे बसायला खुर्ची मिळाली नसती. पती जाऊन तर कितीतरी वर्षे झाली होती. सिस्टर पाना हातात घेऊन खाली बसल्या त्या रागाने. दुकानदारांवरच्या रागाने. दुःखातून आलेला छंद ग्रुपवर शोभून दिसतो, राग दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

ती सायकल त्यांनी निवृत्तीनंतर घेतली. महाडजवळच्या त्यांच्या वाडीत मुलींनी सायकल चालवायची नसे. नोकरीत ड्युट्या, मग लग्न, मग मुलगा. केस पांढरे झाल्यावर त्या पामबीच रोडच्या मागच्या शांत रस्त्यावर एकट्याच शिकल्या आणि रोज पहाटे करावे गावच्या धक्क्यापर्यंत जाऊ लागल्या. मासळी आणायला जातात, असे सून सांगे. मासळी त्या क्वचितच आणीत. तिथे बसून खाडी बघत आणि परत येत.

मुलाला हे पसंत नव्हते. माणूस वाईट नव्हे. आईच्या गुडघ्यांची काळजी वाहणारा, आणि ती काळजी मोठ्या आवाजात व्यक्त करणारा. "आई, ही सायकल गेली की दुसरी नाही हां," तो जिन्यात म्हणे, म्हणजे आम्हा सर्वांना साक्षीदार म्हणून नोंदवता यावे.

सायकलला ब्रेक लागेनासे झाले, तेव्हा सिस्टर तिला सेक्टरमधल्या काचेच्या दुकानात घेऊन गेल्या. तिथे सायकली भिंतीवर टांगलेल्या असतात आणि माणसांकडे वरून पाहतात. मालकाने ही साधी, कॅरियरवाली सायकल पाहून तोंड वाकडे केले. "मॅडम, हे मॉडेल आता येत नाही."

"येत नाही कसं? मी घेऊन आले ना."

परत मिळाली तेव्हा चाक फिरतच नव्हते. "ब्रेक टाईट पाहिजे म्हणालात ना?" पुन्हा दिली, तर ब्रेक ठीक झाले पण घंटी गेली. पुढल्या खेपेस घंटी आली, दुसऱ्याच कोणाची तरी, आणि डावे पॅडल डुगडुगू लागले. "पार्ट मागवलाय" हे वाक्य त्या दुकानात इतक्या भक्तिभावाने उच्चारले जाई की ते ऐकून हात जोडावेसे वाटत.

मग त्या करावे गावातल्या पंक्चरवाल्याकडे गेल्या. मीही सोबत होतो. तो खाटेवर पडून होता आणि मागे त्याचीच, भाड्याने दिलेली नवी इमारत उभी होती.

"बाय, पंचर असल तं सांग. बाकीचा काम आमी करीत नाय."

"पाटी तर लावलीय, सायकल रिपेअरिंग."

"पाटी बापाची हाय," तो उठून न बसता म्हणाला. "वरच्या खोल्यांचा भारा येतंय. कशाला हात काले करू?"

त्याच्या प्रामाणिकपणापुढे मला तरी काही बोलता आले नाही. सिस्टरांना आले, पण ते इथे लिहिण्यासारखे नाही.

नेमक्या त्याच आठवड्यात सेक्रेटरींनी मोहीम काढली. तुमच्याही सोसायटीत ती होत असेल. पार्किंगच्या कोपऱ्यात गंजलेल्या सायकली साचतात, त्यांना चिठ्ठ्या बांधतात, आणि ठरलेल्या दिवशी भंगारवाल्याचा टेम्पो येतो. आमचे सेक्रेटरी द्रोणागिरीच्या एका गोदामात माल हलवण्याचे काम पाहतात, त्यामुळे जी वस्तू हलत नाही तिच्याविषयी त्यांना वैयक्तिक चीड आहे. त्यांनी सूचना लावली की ज्या सायकली चालू स्थितीत आहेत त्यांच्या मालकांनी रविवारी समितीसमोर आवारात एक फेरी मारून दाखवावी, उरलेल्या जातील.

सिस्टरांची सायकल तेव्हा पुन्हा उलटी पडली होती. चेन लोंबत होती, पॅडल डुगडुगत होते. मुलाने सूचना वाचली आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर शांती दिसली. "चला, निर्णय आपल्याला घ्यावा लागला नाही," तो म्हणाला.

सिस्टरांनी त्याच संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानातून पाने आणले, जुनी चादर पार्किंगमध्ये अंथरली आणि मांडी घालून बसल्या. मी वरून खुर्ची आणली. शिकवायला कोणी नव्हते. सुनेने मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ लावून दिला. त्यातला गृहस्थ म्हणाला की प्रथम सायकल स्टँडवर चढवा, आणि त्या स्टँडची किंमत ऐकून सिस्टरांनी त्याला बंद केले.

"बिघडलं तर?" मी म्हणालो.

"साहेब, आधी बिघडवा तरी! दुकानात दुसरं काय करतात? तेच मी घरी करते."

आणि त्यांनी बिघडवले. ब्रेकची तार उलटी ओवली. चेन एवढी ताणली की ती कण्हू लागली. मग सोडली, मग पुन्हा ताणली. तेलाने माखलेल्या हातांनी त्या मला चहा आणायला सांगत आणि मी आणत असे. हे मी लपवीत नाही. रविवारपर्यंत सायकल फिरू लागली. पॅडल तेवढे डुगडुगतच होते. त्या जितके आवळत, तितके ते जास्त डुगडुगे.

रविवारी समिती खुर्च्या टाकून बसली होती. भंगाराचा टेम्पो फाटकाबाहेर उभा होता. मुलगा गॅलरीतून पाहत होता. सिस्टरांनी पदर खोचला आणि निघाल्या.

आता नीट ऐका, कारण याच ठिकाणी सगळे खोटे सुरू होते. पाण्याच्या टाकीपाशी वळण घेताना डावे पॅडल निखळले आणि खणकन खाली पडले. पॅडल पडले. सिस्टर पडल्या नाहीत. त्यांनी डावा पाय हवेत सोडला, उजव्याने दाबले, मग चवड्याने तेच पॅडल वर उचलले, पुन्हा दाबले. लंगडत, हिसके देत, ती सायकल संपूर्ण आवार फिरून समितीपुढे आली आणि त्या स्वतःच्या पायांनी खाली उतरल्या. सेक्रेटरी धावले हे खरे आहे. ते पॅडलमागे धावले. पुरावा हाती हवा होता त्यांना.

"काकू, सॉरी. पॅडल निघालं. चालू स्थितीत नाही."

"चालवून नाही दाखवली का?"

"तसं नाही, पण पॉलिसी म्हणजे..."

तेव्हा मी उठलो. सूचना भिंतीवरून काढून मोठ्याने वाचली. एक फेरी मारून दाखवावी, असे तीत होते. किती पॅडल असावीत याचा उल्लेख नव्हता. "फेरी झाली की नाही, हो किंवा नाही सांगा," मी म्हणालो. समितीतले दोघे हसले, आणि हसणारी समिती काही जप्त करू शकत नाही. टेम्पो त्यांची सायकल न घेता गेला.

सिस्टरांचे तिकडे लक्षच नव्हते. सेक्रेटरींच्या हातून पॅडल हिसकावून त्या तिथेच फरशीवर बसल्या होत्या. पॅडल आत जाईना. वळवून वळवून अखेर चिडून त्यांनी उलटीकडे हिसका मारला, आणि ते सरसर आत गेले.

"अहो साहेब! याचे आटे उलटे आहेत हो! डाव्याचे उलटे! मेल्याला मी आवळत नव्हते, सोडवत होते!"

इतक्या आनंदाने स्वतःची चूक जाहीर करणारे माणूस मी न्यायालयातदेखील पाहिले नव्हते. हे गुपित आपणच सांगितले, असे पुढे वॉचमन म्हणू लागला, आणि हल्ली सेक्रेटरीही म्हणतात. दोघांपैकी कोणीही सांगितले नाही.

त्यानंतर लोक त्यांच्याकडे सायकली आणू लागले. त्यांनी एकही दुरुस्त केली नाही, विनामूल्य नाही आणि मूल्य घेऊनही नाही. टायरवर अंगठा ठेवीत, पाना मालकाच्या हातात देत आणि स्वतः खुर्चीवर बसत. "मी कशाला? हात तुमचे आहेत ना? चला, बिघडवा." बहुतेक जण रागावून काचेच्या दुकानात गेले. त्यांनीच आता ग्रुपवर निःस्वार्थ सेवा असे लिहिले आहे.

पुढे मुलाने करंजाड्याला मोठे घर घेतले. सामान हलवायच्या दिवशी टेम्पो भरला आणि सायकल तेवढी उरली. "जागा नाही, आई. नंतर येऊन नेतो," मुलगा म्हणाला. नंतर म्हणजे काय, हे सिस्टरांना कळले, मला कळले, सेक्रेटरींना तर पार्किंगची जागा डोळ्यांसमोर दिसू लागली.

सिस्टरांनी पाण्याची बाटली कॅरियरला बांधली, पाने पिशवीत घातले, आणि निघाल्या. करंजाडे जवळ नाही. मागून टेम्पो, त्याच्या मागे इंडिकेटर लुकलुकवीत मुलाची गाडी, आणि सर्वांच्या पुढे त्या. उरण फाट्याच्या पुलाखाली चेन उतरली, असे त्यांनी मला दुपारी फोनवर सांगितले.

"मग काय केलंत?"

"सावलीत बसले. तो आला, गाडी लावली, ओरडला. मी म्हटलं, ओरडून झालं की चेन लाव."

त्यानंतर आमचे बोलणे फोनवरच होई, आणि तेही कमी होत गेले. त्या गेल्यावर मी करंजाड्याला गेलो. आलेली माणसे बसली होती, बोलत होती, त्यांच्याकडेही आपापल्या कथा तयार होत्या. मी फार वेळ बसलो नाही. मुलगा मला सोडायला खाली आला.

त्यांची सायकल पार्किंगमध्ये, खांबाला टेकवून उभी होती. चेनला ताजे तेल होते. चाकांना रस्त्याचा ओला चिखल होता, आणि सिस्टर तर कित्येक महिने अंथरुणाला खिळून होत्या.

मी त्याच्याकडे पाहिले. त्याने नमस्कारासाठी हात जोडले. नखे काळी होती.