एक रेघ खाली

थोरली सून कुठलीही बाटली उचलायची ती जोडीनेच. एका हातात तेल, दुसऱ्यात मध, आणि कुठलं जड ते तोलताना क्षणभर डोळे मिटलेले. काचेला हात लावण्याआधी बोटं दोनदा पुसायची. शिशाच्या गोळ्या ओठांतल्या ओठांत मोजायची. दुसऱ्या कुणाचं कौतुक चाललं की तिची मोजणी चुकायची.

घरच्या कारखान्यात द्रवांचं विशिष्ट गुरुत्व मोजायच्या काचेच्या नळ्या बनत. खाली फुगा, त्यात शिसं. वरच्या बारीक दांडीत आकड्यांची कागदी पट्टी. द्रव पाण्याच्या किती पट जड, ते नळी किती बुडते त्यावरून कळतं. जड द्रव तिला वर उचलतो, हलक्यात ती खोल जाते. म्हणून लहान आकडे वर, मोठे खाली. थोरलीला हे उमगायला महिना लागला होता. तोवर सगळ्या पट्ट्या उलट्या.

धाकट्या जावेने पहिल्याच दिवशी पट्टी सुलटी बसवली.

"कुणी सांगितलं गं तुला?" सासऱ्यांनी विचारलं.

"सांगायचं काय त्यात, मामंजी? हलक्यातच बुडणार ना!"

सासरे खो खो हसले. "थोरले, ऐकलंस? तुझ्या उलट्या पट्ट्या अजून जपून ठेवल्यात मी."

थोरलीही हसली. वीस वर्षं तिने काच वितळवणाऱ्या झोतासमोर डोळे जाळले होते.

सासऱ्यांना आता भिंगाशिवाय रेघ दिसत नव्हती. जिच्याशी ताडून बाकीच्या नळ्या तपासतात, ती मूळ नळी ते एका सुनेकडे सोपवणार होते. दोघींनी एकेक नळी करायची, मिठाच्या पाण्यात सोडायची. जिची बरोबर, तिची मूळ नळी.

धाकटी पट्टी चिकटवून हात धुवायला गेली. डिंक ओला होता. थोरलीने दांडीच्या अजून उघड्या टोकातून तार घातली आणि पट्टी केसभर खाली सारली.

थोरलीची नळी बरोबर निघाली. धाकटीच्या नळीवर सासरे बराच वेळ भिंग धरून बसले.

"धाकटे, एक रेघ कमी दाखवतेय गं."

मूळ नळी थोरलीच्या हातात आली.

"माझंच चुकलं असेल," धाकटी म्हणाली. "ताई, तुम्हीच नीट करा ना. टोकही तुम्हीच बंद करा. तुमच्या हातचं बघून शिकेन."

थोरलीने तारेने अजून ओलसर पट्टी वर घेतली. जागा शोधावी लागली नाही. मग झोत पेटवला. टोक वितळून मिटलं की आतलं पुन्हा कुणालाच हलवता येत नाही. तिने झोत विझवला.

ती नळी अजून फळीवर उभी आहे. पट्टी अचूक, टोक उघडं.