न मागितलेला कागद

चुडामण नाना आमच्या धुळ्याच्या वाचनालयात तीस वर्षं कारकून होते. लग्नपत्रिका नुसती टपालाने आली, तर नाना ती उघडतसुद्धा नसत. "बोलावणाऱ्याने दारात येऊन 'नाना, चला' म्हटलं, तरच आमचे पाय निघतात," असं सांगत. दोंडाईच्याच्या वाचनालयात काम करणाऱ्या त्यांच्या साडूंनी, बन्सीलाल यांनी, मुलीच्या लग्नात नेमकी हीच चूक केली. तेव्हापासून अबोला.

१९९९ साल होतं. वाचनालयात संगणक येऊन दोन वर्षं झाली होती. कबुतराने दाणे टिपावेत तसं दोन बोटांनी नानांनी अकरा हजार पुस्तकांची यादी त्यात उतरवली होती. फक्त 'ह' उरला होता. जुनी कार्डं वाळवीने खाल्ली होती, त्यामुळे यादी होती ती तेवढीच.

एका दुपारी बन्सीलाल यांच्या नावाने ई-मेल आला. मी तेव्हा एम.ए. करत होते आणि तिथेच अभ्यासाला बसत असे. इंग्रजी मजकूर दिसला की नाना मला हाक मारत. मी अर्थ सांगितला, "तुम्ही मागितलेला कागद सोबत जोडला आहे. कुणाला दाखवू नका." आणि जोडलेली फाइल उघडायला माउस धरला.

"हात काढ!" नाना कडाडले. "मी मागितला? या माणसाकडे? त्याच्या घरी मी पाणीसुद्धा मागून प्यालो नाही!"

"नाना, बघू तरी काय आहे."

"उघडला म्हणजे मागितल्याचं कबूल केलं!"

त्यांनी तडक दोंडाईच्याला फोन लावला. "बन्सीलाल, कधी मागितला हो मी तुमच्याकडे कागद?"

"कसला कागद? मी काहीच पाठवलं नाही."

"तुमचं नाव आहे त्यावर!"

बन्सीलाल यांनी पत्रात काय लिहिलंय ते विचारून घेतलं. मग बन्सीलाल हळूहळू बोलू लागले. नाशिकच्या एका ओळखीच्याच्या नावाने आलेला असाच कागद त्यांनी सकाळी उघडला होता. त्यात व्हायरस होता. त्याने फाइली पुसल्या आणि संगणकातल्या सगळ्या पत्त्यांवर बन्सीलाल यांच्या नावाने स्वतःच पत्रं धाडली.

"तुमची यादी?" नानांचा आवाज उतरला.

"बठ्ठं गयं, नाना. एक नाव उरलं नाही."

सोबतची फाइल न उघडताच नानांनी मला तो ई-मेल पुसायला लावला. त्याच संध्याकाळी यादी फ्लॉप्यांवर उतरवून घेतली. संगणकावर चिठ्ठी चिकटवली: पाठवणाऱ्याला तोंडी विचारल्याशिवाय सोबतचा कागद उघडू नये, मग तो सख्खा साडू का असेना.

"आता दोंडाईच्याला जाणार ना?" मी विचारलं. "निम्मी पुस्तकं तर दोन्हीकडे तीच आहेत. तुमची यादी त्यांच्या कामी येईल."

"बोलावणं आल्याशिवाय?" नाना ताठ झाले.

तिसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने बन्सीलाल आले. दारातच उभे राहिले, चपला न काढता.

"नाना, चला."

"बघतो. सवड काढावी लागेल," असं म्हणत नानांनी टेबलाखालून पिशवी ओढली. तीत टॉवेल, अडकित्ता आणि चार फ्लॉप्या होत्या. दोन दिवस ती तिथेच भरून ठेवलेली होती.