माझ्या पुढे गेलेली बाई

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नव्हे. बेळगावात एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. दिवसभर हातात मायक्रोमीटर, आणि मोजता येत नाही ते खरं नाही असं म्हणायची सवय. सासर इथल्याच खासबागचं, घरात पूर्वी माग होते. सासूबाई अमावस्येला काय काय करायच्या, तेव्हा मी गालातल्या गालात हसायचे. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण लिहिते.

चार-पाच वर्षांपासून मी सायकल चालवते. ग्रॅव्हल बाईक, म्हणजे जाड टायरची, डांबर संपलं तरी उसाच्या पाणंदीतून पळणारी सायकल. त्या जानेवारीत मी एकटीनं मोठी राईड ठरवली होती. बेळगावहून खानापूरकडे, तिथून वर हुक्केरी, संकेश्वर, चिक्कोडी, सदलगा, मग दूधगंगा ओलांडून निपाणी, कोगनोळी आणि परत घर. साडेतीनशेच्या वर किलोमीटर, शक्य तेवढं कच्च्या रस्त्यानं. ही काही स्पर्धा नव्हती. नियम मीच घातलेला, सेल्फ-सपोर्टेड. पंक्चर झालं तर स्वतः काढायचं, खायचं-प्यायचं वाटेतल्या दुकानात. घरच्यांनी गाडी घेऊन मागं यायचं नाही. माझा नवरा सुहास फोनवरच्या नकाशात माझा ठिपका बघत बसणार, एवढंच.

या राईडसाठी मी वर्षभर तयारी केली होती. आदल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टर म्हणाले होते, आता सायकल विसरा. हे वाक्य मला पुसून टाकायचं होतं.

पहिला दिवस छान गेला. रात्री संकेश्वरात लॉजवर पोटभर जेवून झोपले. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर प्रत्येकानं मला हेच विचारलं... झोप झाली नव्हती का, उन्हात डोकं तापलं होतं का. झोप झाली होती. आणि सकाळी हवेत चांगला गारठा होता.

चिक्कोडीच्या अलीकडे एका हॉटेलात चहाला थांबले. मालकानं माझ्याकडे बघून विचारलं, काय विसरलं काय ताई? मला कळेना. तो म्हणाला, आत्ता तर चहा पिऊन गेलासा. मी म्हटलं, दुसरं कोणीतरी असेल. तो हसला. लाल हेल्मेट, पिवळ्या पिशव्या लावलेली सायकल, अशी बाई या रस्त्याला दुसरी कुठनं येणार, असं त्याचं म्हणणं. मीही हसले. मनात आलं, आपल्यासारखीच कोणीतरी वेडी आज रस्त्यावर आहे, जोरात मारलं तर गाठ पडेल. खरं सांगायचं तर आनंदच झाला. त्या नादात पुढचा पट्टा मी फार वेगानं काढला. कोणी दिसलं नाही.

सदलग्याच्या जवळ रस्त्याकडेला उसाच्या रसाचं एक दुकान आहे. चाळिशीतली एक बाई एकटीच चालवते. मी सायकल टेकवतेय तोच ती बाहेर आली.

"आता हात कसा हाय?" तिनं विचारलं.

तिनं माझा उजवा हात धरला, बाही वर केली, कोपर उलटसुलट करून बघितलं. कोपराला काही नव्हतं, साधा ओरखडाही नाही. तिनं हात असा सोडला, की जणू चटका बसला.

मग हळूहळू सांगितलं. थोड्या वेळापूर्वी मी तिथं आले होते म्हणे. कोपर फुटलेलं, रक्त बोटांपर्यंत आलेलं. तिनं धुऊन हळद भरली, आणि स्वतःच्या जुन्या साडीची चिंधी बांधली. उरलेला तुकडा तिनं मला दाखवला. हिरवा, कडेनं फाडलेला. मी बोलत होते का, असं मी विचारलं. होय म्हणाली, पण तोंडातल्या तोंडात. सारखी मागं वळून रस्ता बघत होते.

रस न पिताच निघाले. सुहासला फोन केला, पण यातलं काही सांगितलं नाही. माझा ठिपका बरोबर दिसतोय का, एवढंच विचारलं. त्याच्या फोनवर मी जिथं होते तिथंच होते. तो म्हणाला, आवाज असा का येतोय तुझा? म्हटलं, दम लागलाय.

तिथून पुढं माझा रस्ता डांबर सोडून नदीकडे उतरत होता. दोन्ही बाजूंना तुटायला आलेला ऊस, मधे बैलगाडीची वाट. वेग मी आपोआप कमी केला होता. मघाशी तिला गाठायचं म्हणून पळत होते... आता ती दिसू नये असं वाटत होतं.

नदीच्या आधी शेतातलं एक घर लागतं. अंगणात एक म्हातारी आक्का तंबाखूची वाळलेली पानं निवडत बसली होती. मला बघून ती उठली नाही, ओरडली नाही. हातातलं पान तसंच धरून म्हणाली, "तुमी एवढ्यात वाळलासा कशा?"

मी सायकलवरून उतरले. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, आक्का, मी आत्ता पहिल्यांदा इथं येतेय. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग घरापुढच्या कट्ट्याकडे बोट केलं.

कट्टा ओला होता. शहाबादी फरशीवर माणूस बसल्याएवढा ओला डाग, आणि कडेवरून अजून थेंब पडत होता. पाऊस जाऊन महिने झाले होते, सगळं अंगण धुळीचं. त्या धुळीत कट्ट्यापासून फाटकापर्यंत ओली पावलं होती. सायकलच्या बुटाला तळाशी लोखंडी पट्टी असते, तिचा चौकोनी ठसा प्रत्येक पावलात होता. शेजारी माझं पाऊल पडलं होतं. मोजायची गरज नव्हती.

"बंधाऱ्याकडनं आली," आक्का म्हणाल्या. आता त्या तिच्याबद्दल 'तुमी' म्हणून बोलत नव्हत्या, 'ती' म्हणून बोलत होत्या. "नखशिखांत भिजलेली. हाताला हिरवं फडकं. सायकल न्हवती. बस म्हटलं, बसली. च्या दिला, घेतला न्हाई. वाटंकडं बघत हुती. मग उठली आन परत तिकडंच गेली."

अंगणाच्या टोकावरून बंधारा दिसत होता. पाणी अडवायला बरगे, म्हणजे फळ्या घातलेल्या, मागं पाणी तुडुंब, वरून जायला हातभर उंचीचाही कठडा नसलेली अरुंद वाट. ऊन पडलेलं. पलीकडच्या काठावर कुणाचा तरी पंप चालू होता. दोन मिनिटांत मी पार झाले असते. तिथून निपाणी, मग कोगनोळी, मग सगळा ओळखीचा रस्ता. वर्षभराची तयारी. गुडघा अजिबात दुखत नव्हता.

मी फाटकापर्यंत गेले. ओली पावलं पुढं वाटेवर दिसत होती, सरळ बंधाऱ्याकडे जाणारी. माझ्याच्यानं पुढं पाऊल टाकवेना. परत आले आणि सुहासला फोन करून म्हटलं, गाडी घेऊन ये.

तो येईपर्यंत आक्कांनी मला आत चुलीपाशी बसवलं, भाकरी आणि दही दिलं. माझा नंबर नातसुनेकडून त्यांच्या मोबाईलमध्ये घालून घेतला. बाहेरचा कट्टा वाळला का, हे बघायला मी गेले नाही.

सुहास आला. सगळं ऐकून घेतलं, हसला नाही. मग म्हणाला, थांब, मी जाऊन बघून येतो. मी त्याचा शर्ट मुठीत धरला, तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला रडताना त्यानं तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

पुढं काही आठवड्यांनी तो मला न सांगता तिकडे जाऊन आला. बंधाऱ्यावरून दोनदा चालला. त्या दिवशी कोणी पडलं नव्हतं, कोणाची सायकल सापडली नव्हती, कोणी हरवल्याचीही बातमी नव्हती. रसवाल्या बाईनं त्याला तो हिरवा तुकडा दाखवला.

मग मला वाटायला लागलं, कोणीतरी मला सावध करून गेलं. चांगलंच काहीतरी होतं ते. तसं मानून मी परत सायकल चालवायलाही लागले, बेळगावच्या आसपास.

पाडव्यानंतर एका दुपारी आक्कांचा फोन आला. आधी तब्येत विचारली. मग म्हणाल्या, "ती काल परत आलती."

कशी होती, मी विचारलं.

"कापडं वाळलेली हुती. कट्ट्यावर बसली. म्हणाली, माझ्या मागनं एक बाई यायची हुती, ती अजून का आली न्हाई?"

तुम्ही काय सांगितलंत, मी विचारलं.

"म्हटलं, ती गेली आपल्या घरला. तर म्हणाली, घर कुठं तिचं? म्या न्हाय सांगितलं, पोरी. पर तिनं तीनदा इचारलं."

याचा खुलासा माझ्याकडे नाही. सुहासकडेही नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला काही सुचलं तर जरूर सांगा, चेष्टा केली तरी चालेल. आमच्याकडे इतकाच फरक पडलाय, की दाराची बेल वाजली तर मी उठत नाही. आधी सुहास खिडकीतून बघतो, मग मी घरात आहे ना ते बघतो, आणि मगच दार उघडतो.