देवानंदला ताटावरून उठवलं

मी आसगावचा. बावीस वर्षं फौजेत होतो, हवालदार म्हणून रिटायर झालो. लोक विचारतात, परदेश पाहिला का? पाहिला. शांतिसेनेत वर्षभर दक्षिण सुदानला होतो. मग विचारतात, तिकडचं खाणं कसं असतं? इथं माझी जीभ अडते. वर्षभर राहून मी तिकडचा एक घासही खाल्ला नाही, आणि गेली नऊ वर्षं त्याची चव मात्र एका माऊलीला सांगत आलो.

आमचा कॅम्प नाईलच्या एका फाट्याजवळ होता. पाचला उठणं, सहाला पीटी, साडेसातला नाश्ता, आठला गस्तीवर. लंगरात, म्हणजे फौजी स्वयंपाकघरात, पुरी-भाजी, डाळ-भात. स्टँडिंग ऑर्डर साफ होती: बाहेरचं खायचं नाही, बाहेरचं पाणी प्यायचं नाही. ऑर्डर चुकीची नव्हती. हगवणीनं अर्धी सेक्शन, म्हणजे दहातली पाच पोरं, आडवी झाली तर गार्ड कोण देणार?

नायक देवानंद माझ्या सेक्शनमध्ये होता. पवनीचा, वैनगंगेच्या काठचा. मासोळी म्हटलं की गडी पागल. जिथं पोस्टिंग, तिथलं खाऊन पाहायचा. सिक्कीमला मोमो, राजस्थानात केर-सांगरी. म्हणायचा, "भाऊ, ज्या गावचं खाल्लं नाई, थे गाव पाहिलंच नाई." मी म्हणायचो, "तुझं पोटच एक दिवस तुले मारणार." जीभ झडो माझी.

त्या दिवशी आम्ही नदीकाठच्या एका गावात होतो. आमचे डॉक्टर लोकांना तपासत होते, सेक्शन गार्डला. परत निघायची वेळ तेराशे अवर्स, म्हणजे दुपारी एक. देवानंदची ड्यूटी नुकतीच संपली होती. बारा पन्नासला मी चक्कर मारली, तर हा एका म्हाताऱ्याच्या झोपडीसमोर मांडी घालून बसलेला. म्हाताऱ्याच्या बायकोनं देवानंदच्या हातावर पाणी घातलं होतं. मधोमध एकच मोठं ताट. आंबवलेल्या ज्वारीची कागदासारखी पातळ रोटी आणि शेंगदाण्याचा कूट घालून शिजवलेली मासोळी. पहिला घास पाहुण्याचा. घरचे सगळे हात आवरून त्याच्याकडे पाहत होते.

"भाऊ, या ना. मायच्या हातच्यावानी वास येऊन राहिला."

"ऊठ."

"दहा मिनटं आहेत ना अजून. दोन घास त खाऊ द्या. काहून उठवून राहिले?"

"ऑर्डर माहीत आहे ना? ऊठ म्हटलं ना!"

उचललेला घास त्यानं परत ताटात ठेवला. म्हातारा माझ्याकडे पाहत राहिला. आपल्या झाडीपट्टीत वैऱ्यालाही भरल्या ताटावरून उठवत नाहीत, आणि मी पवनीच्या पोराला उठवलं. बरं, गाड्या निघाल्या त्या एक वाजताच. तोवर त्याला मी गाडीत नुसतं बसवून ठेवलं.

एक वीसला पुढची गाडी नाल्यात फसली. धक्का द्यायला पोरं उतरली आणि उंच गवतातून गोळ्यांचं फायर आलं. कुणी केलं ते आजवर कळलं नाही.

चार्ली टू हे आमचं वायरलेसवरचं नाव. मी कॅम्पला कळवलं, "चार्ली टू, फायर आलंय, लेफ्ट साइड. ओव्हर."

कॅम्पवरून आवाज आला, "चार्ली टू, कॅज्युअल्टी सांगा. ओव्हर."

मागे वळून पाहिलं. देवानंद चाकाशी पडला होता.

"वन. सीरियस. ओव्हर."

बारा मिनिटांत फायर थांबलं. हेलिकॉप्टर यायला पस्तीस मिनिटं लागली. तेवढा वेळ त्याच्याकडे नव्हता. त्यानं पाणी मागितलं, मी ओठ ओले केले. उपाशीपोटी गेला.

सुट्टीवर आलो तसा पवनीला गेलो. त्याच्या मायनं पहिल्यांदा हेच विचारलं, "बाबू, माहा पोरगा जेवून होता का?"

"हाव माय. पोटभर."

"कायची भाजी होती?"

मासोळी सांगितली, शेंगदाण्याचा कूट सांगितला, मीही त्याच ताटात जेवलो म्हणालो. खोटं बोलताना माणूस फार बारीक सांगतो. तेव्हापासून दर वर्षी तो गेला त्या तारखेला ती तसंच रांधते. एक ताट त्याच्या फोटोसमोर, एक माझ्यापुढे. दर वर्षी विचारते, "असीच लागे का?" दर वर्षी मी म्हणतो, "हाव माय, असीच."

यंदाही घास गिळला आणि तेच म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. "बाबू, यंदा मीठच नाई टाकलं म्या."

माझा हात ताटातच थांबला.

"तू खाल्लीच नाई ना थे?"

"नाई माय. त्यानंही नाई खाल्ली. मीच उठवलं त्याले."

मग सगळं सांगितलं, त्या दहा मिनिटांसकट. शरमेनं मान वर होईना. मी उठायला लागलो.

"बस," ती म्हणाली. "भरल्या ताटावरून उठू नोको."

आत जाऊन तिनं मिठाची बरणी आणली. चिमूटभर मीठ आधी देवानंदच्या ताटात घातलं, मग माझ्या.